आधी गाव उभं करा, मग शाप द्या: कल्पनारम्य लेखकांना खुलं पत्र

कल्पनारम्य कथा, कादंबऱ्या आणि कथाखेळ रचणाऱ्या लेखकमित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

समुद्रकाठचं शापित गाव तुम्हाला प्रिय आहे आणि आम्हालाही. म्हणूनच हे पत्र. अशा गावांच्या संहिता आम्ही वाचतो, तपासतो, खेळांत चालवतो. आणि धक्के, होड्या, दोर, विहिरी हा आमच्या अभ्यासाचा विषय आहे. एकच गाव आमच्यासमोर पुन्हा पुन्हा येतं. धुकं, कललेली घरं, सडक्या माशांचा वास, खिडकीआडची म्हातारी आणि ‘आल्या पावली परत जा’ असं बजावणारा एक दारुडा. वाचक दहा पानं घाबरतो. अकराव्या पानावर त्याला प्रश्न पडतो, की ही माणसं खातात काय, पाणी कुठून आणतात, आणि इतकं सगळं होऊनही इथेच का राहिली आहेत? उत्तर मिळालं नाही की त्याची भीती तिथेच संपते.

किनाऱ्यावरचं कुठलंही गाव, शाप नसतानाही, रोज थोडं थोडं पडतच असतं. खारं वारं, ओल, लाटा आणि किडे आपलं काम करतात, आणि माणसं त्याच वेगानं डागडुजी करत राहतात. हा मेळ बसला आहे तोवर गाव उभं असतं. तेव्हा शापाला भिंती पाडायची किंवा छपरं उडवायची गरजच पडत नाही. गावातलं रोजचं एक काम त्यानं बंद पाडलं की बाकीचं समुद्र पाहून घेतो. आमचं मागणं एवढंच आहे: शाप कोणत्या कामावर पडला ते आधी ठरवा, आणि ऱ्हास त्या कामापासून पायरीपायरीनं उतरू द्या.

लाकडापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. धक्क्याचे खांब तळातून कुजून कोसळले, असं हमखास लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात चिखलात रुतलेला भाग सगळ्यात शेवटपर्यंत टिकतो, कारण तिथे हवा पोचत नाही. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात लाकूड कुरतडणारे तांदळाच्या दाण्याएवढे जीव खांब बाहेरून खात जातात आणि त्याला डमरूसारखी कंबर पडते. शेंड्याला पावसाचं गोडं पाणी मुरतं, तिथे बुरशी लागते. म्हणजे खांब वर कुजका, मध्ये बारीक आणि खाली धडधाकट असतो, आणि मोडतो तो कंबरेत. टेरेडो नावाचा प्राणी याहून घातकी. दिसायला तो अळीसारखा, पण जातीनं शिंपल्यांच्या कुळातला. पिलू असताना टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून तो लाकडात शिरतो आणि आतल्या आत वाढत बोटाएवढा जाड बोगदा कोरतो. बाहेरून खांब शाबूत दिसतो, टिचकी मारली की पोकळ वाजतो, आणि एके दिवशी माणसांसकट खाली बसतो. नेदरलँड्समध्ये १७३० च्या दशकात समुद्राच्या बांधांचं लाकूड या प्राण्यानं पोखरलं, तेव्हा हा देवाचा कोप आहे अशी प्रवचनं झाली. शेवटी त्या बांधांना दगडी उतार द्यावे लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या उत्तर भागात १९१९ ते १९२१ या काळात त्यानं धक्क्यामागून धक्का खाली आणला. एक गोष्ट ध्यानात ठेवा: पाण्यातला खारटपणा फार उतरला की टेरेडो तग धरत नाही. नदीच्या मुखावरच्या गावात शापानं नदी आटवली, तर आजवर सुरक्षित असलेला धक्का पोखरला जाईल. शाप नदीला, मरण धक्क्याला. अशी जोडणी आम्हाला तुमच्याकडून हवी आहे.

होडीचंही गणित असंच आहे. खाऱ्या पाण्यानं भिजलेल्या लाकडात बुरशी सहसा धरत नाही. पावसाचं पाणी साठतं तिथे ती धरते. म्हणून सोडून दिलेली होडी वरून कुजत खाली येते. आधी काठ आणि वरच्या फळ्या जातात, कणा शेवटी. आणि उन्हात महिनोन्‌महिने ओढून ठेवलेली होडी पाण्यात ढकलली की ती तरंगत पळत नाही. फळ्या आटलेल्या असतात, सांध्यांतून पाणी येतं, आणि लाकूड पुन्हा फुगून सांधे मिटेपर्यंत येतच राहतं. तुमचा नायक रात्री पुळणीवरची बेवारस होडी घेऊन निसटणार असेल, तर एका माणसाला सतत पाणी उपसायला बसवा. त्या उपसण्यातच तुम्हाला अख्खा प्रसंग मिळेल.

भिंतींना लोणा लागतो. जमिनीतली खारट ओल भिंतीत चढते आणि वाळताना मीठ आत ठेवून जाते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ पाणी ओढून विरघळतं, खाली आली की पुन्हा त्याचे खडे धरतात, आणि दर खेपेला ते दगडाची, विटेची छिद्रं आतून ताणतात. म्हणून कायम ओल्या भिंतीपेक्षा रात्री ओली आणि दुपारी कोरडी होणारी भिंत लवकर भुगा होते. जिथे धुकं कधी उठतच नाही अशा गावात लोणा उलट कमी दिसेल. धुकं रोज येऊन जात असेल तर गिलाव्याचे पापुद्रे दाराशी पडलेले दिसतील. दगडात बसवलेलं लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड फोडतं. पितळ, कासं टिकतं. देवळाची घंटा हिरवी पडून शंभर वर्षं राहील, तिचा दोर मात्र दोन पावसाळेही काढणार नाही.

पडझडीचा वेग हाही नीट ठरवा. सगळी गावं एका रात्रीत बुडत नाहीत. उत्तर समुद्राकाठचं रुंगहोल्ट जानेवारी १३६२ च्या वादळी भरतीत गेलं, ते खरं. पण इंग्लंडमधल्या डनिचचं बघा. १२८६ आणि १३२८ च्या वादळांनी त्याचं बंदर मोडलं आणि बंदराचं तोंड बुजलं. गाव त्यानंतर शतकानुशतकं थोडं थोडं कड्यावरून खाली जात राहिलं. तिथलं शेवटचं जुनं चर्च विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुकड्यातुकड्यानं समुद्रात पडलं. डेन्मार्कच्या स्कागेनजवळ पाण्यानं नव्हे, वाळूनं चर्च गिळलं. लोकांना प्रार्थनेला आत जाण्यासाठी वाळू उपसावी लागायची. १७९५ मध्ये ते बंदच केलं. मनोरा तेवढा ठेवला, कारण दर्यावर्दी त्याची खूण धरून जहाजं हाकत. गाव मेलं तरी त्याचा एक अवयव दुसऱ्यांच्या उपयोगी पडत राहतो, ही गोष्ट कुठल्याही पिशाच्चापेक्षा मनाला जास्त चटका लावते.

आता शापाकडे वळू. शापाला वाट हवी. शब्द उच्चारला आणि गाव काळवंडलं, एवढ्यानं भागत नाही. आपल्याकडे यादवांच्या नाशाची गोष्ट आहे, ती या दृष्टीनं पुन्हा वाचा. कृष्णाचा मुलगा सांब यानं ऋषींची केलेली चेष्टा अंगाशी येते, ऋषी शाप देतात, लोखंडाचं मुसळ जन्माला येतं. यादव ते मुसळ कुटून त्याचं चूर्ण समुद्रात टाकतात आणि सुटलो म्हणतात. लाटा ते चूर्ण किनाऱ्याला आणतात, त्यातून एरका नावाचं गवत उगवतं, आणि दारूच्या नशेत एकमेकांवर उठलेल्या यादवांच्या हातात तेच गवत मुसळ होतं. उरलेला तुकडा माशाच्या पोटात जातो, तिथून व्याधाच्या बाणाच्या टोकाला. प्रत्येक टप्प्यावर एक वस्तू आहे, ती कुणाच्या तरी हातातून जाते आहे, आणि शाप टाळायला केलेली खटपटच त्याला पुढे नेते आहे. इतकी नीट रचलेली वाट आपल्या परंपरेत असताना नुसत्या काळ्या ढगांवर का भागवायचं?

किनाऱ्यावरच्या शापाला घड्याळही तयार मिळतं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण येतं आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची मवाळ भरती असते. उधाणं वर्षाला साधारण २५ पडतात. सात वर्षांचा शाप म्हणजे सुमारे १७३ उधाणं. शाप दर उधाणाला एक पायरी चढतो असं ठरवलंत, तर गावकऱ्यांना पंधरा दिवस आधीपासून धास्ती घेता येते, आणि वाचकालाही. पाणी कसं चढतं तेही सरळ रेषेत लिहू नका. सहा तासांत ३ मीटर ६० सेंटिमीटर चढायचं असेल, तर पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, दुसऱ्यात ६०, तिसऱ्या आणि चौथ्यात ९०-९०, पाचव्यात ६० आणि शेवटच्या तासात पुन्हा ३०, असा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे पुळणीवर अडकलेल्या माणसाला पहिल्या तासात ‘वेळ आहे’ असं वाटतं, आणि घात तिसऱ्या तासात होतो.

हे सगळं एकत्र कसं बांधायचं त्याचा एक नमुना देतो. आवडला तर बिनदिक्कत घ्या.

गाव ६० घरांचं, ३०० माणसांचं. १८ होड्या, प्रत्येकीवर तांडेलासह (होडीच्या म्होरक्यासह) पाच जण, म्हणजे ९० माणसं दर्यावर. एका वादळी रात्री परकं जहाज आसऱ्याला येऊन धक्क्याला दोर बांधतं. जहाजाच्या हिसक्यांनी धक्का उखडेल आणि आपल्या होड्या जातील या भीतीनं गावकरी तो दोर सोडून देतात. जहाज खडकावर फुटतं. बुडणारा कुणी म्हणतो: ‘तुमच्या गावात गाठ टिकणार नाही.’

शाप एवढाच. तिन्हीसांजेला जी गाठ बांधलेली असेल, मग ती कधीही मारलेली असो, ती उजाडेपर्यंत सुटलेली असते. पहिल्या उधाणाला तो फक्त समुद्राच्या पाण्यानं भिजलेल्या गाठींवर चालतो. पुढे खारं वारं पोचेल तिथवर, आणि मग दर उधाणाला टेकडीकडे एकेक घर वर.

पहिल्या सकाळी अर्ध्याच होड्या जागेवर आहेत. नांगराच्या दोराची गाठ सुटली, धक्क्याच्या खुंटाची सुटली, आणि ओहोटीबरोबर अर्ध्या होड्या बाहेर गेल्या. लोक हे निष्काळजीपणावर घालतात, पोरांना मार बसतो. दुसऱ्या रात्री निरगाठी मारतात, त्याही सुटतात. इथे घाई करू नका. शाप आहे हे गावाला कळायला निदान दोन उधाणं जाऊ द्या, कारण माणूस आधी शेजाऱ्यावर संशय घेतो.

मग जाळी. ५० मीटर लांब, ४ मीटर खोल आणि गाठीपासून गाठीपर्यंत ४ सेंटिमीटर अंतर असलेल्या जाळ्यात सव्वा लाख गाठी असतात आणि दहा किलोमीटरहून जास्त सुतळी. मिनिटाला दहा गाठी मारणारा सराईत हात धरला, तरी रोज आठ तास बसून ते विणायला २६ दिवस लागतात. ते एका रात्रीत सुटतं. सकाळी खुंटीवर काय असेल, ते जवळ जाऊन बघा. सुतळीचा एक सैल ढीग, तुटलेला कुठेच नाही. दर चार सेंटिमीटरवर सुतळीला मुरड पडलेली आहे, जिथे गाठ बसत होती तिथे. आणि जाळं काथाच्या पाण्यात उकळून तपकिरी केलेलं असल्यामुळे त्या प्रत्येक मुरडीच्या आत, गाठीनं झाकलेला तेवढा भाग, फिकट राहिलेला आहे. प्रत्येक गाठीत धागा दोनदा येतो, म्हणजे दहा किलोमीटर तपकिरी धागा आणि त्यावर अडीच लाख फिके ठिपके. हे एक चित्र दिलंत की शापाचं वेगळं वर्णन करावं लागणार नाही.

(काथाचा उल्लेख शोभेचा समजू नका. सुती किंवा तागाचं जाळं तसंच वापरलं तर कोमट समुद्रात काही आठवड्यांत कुजतं. झाडांच्या सालीच्या किंवा काथाच्या काढ्यात ते पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं. ज्या गावात तो मोठा हंडा थंड पडला आहे, त्या गावाचे दिवस भरले आहेत.)

गावकरी हुशार असतात; त्यांना हुशार ठेवा. ते पळवाटा शोधतील. दोराचे पीळ उकलून एकमेकांत गुंफले तर जोड तयार होतो, त्यात गाठ नाही. नैसर्गिक धाग्याच्या दोराला त्याच्या किमान तीन फेऱ्या गुंफाव्या लागतात. गाठीनं दोराची ताकद बरीच घटते, अशा जोडानं अगदी थोडी. म्हणजे शापामुळे गाव काही बाबतीत आधीपेक्षा सरस दोरकाम करू लागेल! होड्या साखळीनं बांधतील, पण साखळी गंजते आणि हिसका झेलत नाही, त्यामुळे खुंट उपटले जातील. छपराच्या बांधण्या सुटल्या की लाकडी खुंट्या ठोकतील. शिवणीचा दोरा शेवटी गाठ मारून थांबवलेला असतो. आता उलटे टाके घालून थांबवतील. वेताच्या विणलेल्या सापळ्यात गाठ लागत नाही, तेव्हा जाळी सोडून सापळ्यांवर येतील. पाळणे दोराला टांगायचे बंद होतील, मुलं जमिनीवर निजतील.

तरीही गाव का खचतं? वाऱ्यामुळे. शिडाच्या होड्या पहाटे जमिनीकडून वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडतात आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येतात. आता गाठी उजाडल्यानंतरच मारता येतात. शीड, परबान (शीड ताणणारा आडवा वासा), दोर बांधून होईपर्यंत तासभर जातो आणि मतलई पडलेली असते. मग वल्ही मारत जायचं, म्हणजे लांबचे मासे सुटले. जवळ मिळेल तेवढ्यावर भागेना की बायकापोरं ओहोटीला खडकांवर शिंपले, कालवं काढायला लागतात. समुद्रावर विषारी सूक्ष्म शैवालाचा बहर आला की तेच शिंपले घातक होतात. खाल्ल्यावर थोड्याच वेळात ओठांना मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात, आणि विष जास्त गेलं असेल तर श्वास थांबतो. शिजवून ते विष जात नाही. शापानं कुणालाही हात लावला नाही, त्यानं फक्त गाठ सोडली.

आणि भाषेतच तुमच्यासाठी केवढा ठेवा आहे! निरगाठ, सुरगाठ, लग्नगाठ, खूणगाठ, गाठभेट, गाठीला असलेला पैसा. शाप दोराच्या गाठीवर थांबतो की शब्दातल्या गाठीपर्यंत जातो, हे तुम्ही ठरवायचं आहे. खूणगाठही सुटत असेल, तर रात्री मनाशी ठरवलेलं सकाळी कुणाला आठवणार नाही, आणि गाव सोडायचा निश्चय रोज संध्याकाळी नव्यानं करावा लागेल. ‘हे लोक इथेच का राहिले?’ या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. मात्र एकदा सीमा आखलीत की ती मोडू नका. वेणी ही गाठ आहे का? नाळेला मारलेली गाठ? वाचक हे प्रश्न विचारणारच. दहा-बारा उत्तरं स्वतःजवळ लिहून ठेवा आणि त्यातली तीनच कथेत वापरा.

विहिरीवर शाप टाकायचा असेल तर आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. वाळूच्या किनाऱ्याखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ नियम असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा जितकी वर, त्याच्या चाळीसपट खोलपर्यंत गोडं पाणी. अर्धा मीटर वर असेल तर खाली २० मीटर. पातळी नुसती १० सेंटिमीटर उतरली, तर खालून खारं पाणी कालांतरानं ४ मीटर वर सरकतं. म्हणून पाणी मचूळ लागायला लागलं की घाबरून विहीर खोल खणणारे गावकरी स्वतःच्या हातानं समुद्राला बोलावतात. शंभर बादल्या गोड्या पाण्यात दोन बादल्या समुद्राचं पाणी मिसळलं, तरी जिभेला कळतं. विहीर गेली की हिशेब मांडा: माणशी १५ लिटर धरलं तर ३०० माणसांना रोज ४,५०० लिटर. गोड्या पाण्याचा झरा दोन किलोमीटरवर असेल, तर १५ लिटरच्या ३०० खेपा, आणि खेपेला जाऊन येऊन एक तास. म्हणजे ४० धडधाकट माणसांचा जवळजवळ अख्खा दिवस नुसता पाण्यात जातो. ती ४० माणसं होड्यांवरून, जाळ्यांवरून, छपरांवरून काढलेली असतात. विहिरीचा शाप गावात दिसतो तो तिथे, न शाकारलेल्या छपरात.

बंदराच्या वाटेवरही शाप टाकता येतो. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो आणि आत शिरायची वाट अरुंद असते. तांडेल किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून होडी आत घेतात. समजा, पुढचा खांब आणि मागे टेकडीवरचं उंच झाड. ते एक झाड वाळून पडलं, की होड्या दांड्यावर चढतील. एका झाडाचा जीव घेऊन अख्खं गाव बुडवणारा शाप आम्हाला हजार भुतांपेक्षा भयंकर वाटतो. खाजणातल्या, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीतल्या शेतीचंही असंच. बांधातल्या उघाडीची (पाणी बाहेर सोडायच्या दाराची) झडप भरतीला मिटते आणि ओहोटीला उघडते. तिच्यात एखादा ओंडका अडकून ती अर्धवट उघडी राहिली, तर दिवसातून दोनदा शेतात समुद्र येतो. रात्री उघाडीवर जाणारा माणूस का जात नाही, एवढंच शापानं ठरवायचं.

गाव कोण आधी सोडतं, यात बऱ्याच संहिता फसतात. गरीब आधी जातात असं गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात ज्यांचं कसब हातात आहे आणि कुठेही चालतं, ते आधी निघतात: सुतार, लोहार, सुईण. ज्यांचं सगळं जमिनीत, होडीत किंवा कर्जात गुंतलंय, ते राहतात. सुतार गेला की होड्या दुरुस्त होत नाहीत, सुईण गेली की तरुण जोडपी निघतात. पाच जणांच्या होडीवर तिघे उरले की दोन तांडेलांना एक होडी करावी लागते, आणि मग सुकाणू कोणी धरायचं यावरून भांडण. ९० खलाशांचे ४० होईपर्यंत गाव जेमतेम चालतं. पुढे मोठी होडी पुळणीवर ओढायलाही हात पुरत नाहीत, तेव्हा ती पाण्यातच राहते आणि टेरेडो तिला गाठतो.

अपशकुनांसाठी कावळे पुरे झाले. समुद्र स्वतः जे देतो ते घ्या. खारवलेल्या माशावर गुलाबी-लाल बुळबुळीत थर चढतो. मिठागराच्या मिठातच जगणारे सूक्ष्मजीव उबदार, दमट हवेत तो चढवतात. तीन भाग माशाला एक भाग मीठ घालून वर्षाची बेगमी केलेल्या घराला ती बरणी उघडताना काय वाटेल? अंधाऱ्या कोठीत ठेवलेला मेलेला मासा कधी कधी निळसर उजळतो, तेही जिवाणूंमुळे. १९६१ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या उपसागराकाठी हजारो समुद्रपक्षी रात्री घरांवर, दिव्यांवर येऊन आदळले. शैवालाच्या विषाचा तो परिणाम असावा असं पुढे अभ्यासकांनी मांडलं. त्याच जातीच्या विषानं १९८७ मध्ये कॅनडात शिंपले खाऊन शंभरावर माणसं आजारी पडली, काही दगावली, आणि काहींची नवी आठवण साठवण्याची शक्ती कायमची गेली. तुमच्या विसरभोळ्या गावाला याहून नेमकं कारण कुठून आणणार? फक्त एक पथ्य पाळा. कारण कळल्यावर शाप खोटा ठरू देऊ नका. विष शैवालाचंच असू दे. ते याच गावाच्या खडकावर, याच उधाणाला का आलं, ते शापाकडे राहू दे.

शेवटी उःशाप. मंत्र म्हटला, ऊन पडलं, घरं पांढरी झाली, असं कृपा करून करू नका. शाप उठला म्हणजे काम पुन्हा करता येऊ लागलं, इतकंच. खाऱ्या पाण्याखाली गेलेल्या चिकणमातीची छिद्रं सोडियममुळे मिटतात, पाणी निचरत नाही, पीक धरत नाही. १९५३ च्या उत्तर समुद्राच्या पुरानंतर नेदरलँड्समध्ये अशा शेतांत जिप्सम टाकून, पावसाच्या पाण्यानं मीठ धुऊन, जमीन परत मिळवली. ते एका हंगामात झालं नाही. विहिरीचा उपसा थांबवून पावसाळे जाऊ द्यावे लागतात. लोणा लागलेल्या भिंतीचा गिलावा खरवडून काढल्याशिवाय नवा चुना धरत नाही. कंबर पडलेला खांब बदलताना जुन्याचा चिखलातला बुंधा तसाच ठेवून नवा शेजारी ठोकावा लागतो, म्हणून दुरुस्त झालेल्या धक्क्याखाली ओहोटीला खांबांच्या दोन रांगा दिसतील, एक अखंड आणि एक बुटकी.

आमच्या नमुन्यातल्या गावात शाप संपल्याची खात्री करायला कुणीतरी एक गाठ मारून रात्रभर तिच्याजवळ बसलं पाहिजे. ती गाठ कोणत्या वस्तूला मारायची, निरगाठ की सुरगाठ, आणि बसणारं माणूस त्या वादळी रात्री जहाजाचा दोर सोडणाऱ्यांपैकी आहे की तेव्हा जन्मलेलंही नव्हतं, ते तुम्ही ठरवा. तुम्ही लिहिलेली ती रात्र वाचायची आम्हाला ओढ लागली आहे.

आपले,
शापित किनाऱ्यांचे वाचक, संपादक आणि खेळ चालवणारे